पुंजाजीचा घडीचा गज

पुंजाजीकडे बंदूक होती, ही गोष्ट गावाच्या लेखी दुय्यम होती. बंदूक काय, ती आपली मधल्या घरात खुंटीला लटकलेली असायची. मुख्य गोष्ट अशी की पुंजाजीकडे बंदुकीची नळी साफ करायचा घडीचा गज होता, आणि तो मात्र आठही प्रहर पुंजाजीच्या कमरेला असायचा. अंघोळीला बसला तरी गज न्हाणीच्या दगडावर, हाताशी. ही माहिती कोणी न विचारता पुरवायचं काम त्याची बायको जनकाबाई करायची.

गज होताही बघण्यासारखा. चार तुकडे, एकमेकांना बिजागरीनं जोडलेले. मिटला की वीतभर, खाकी कापडाच्या म्यानात बसायचा. मनगटाला एक झटका दिला की खट् खट् खट् करून सरळ व्हायचा आणि बंदुकीच्या नळीपेक्षा चार बोटं लांब भरायचा. टोकाला पितळेची बोंडी, बोंडीला फट, फटीत तेलाची चिंधी अडकवायची आणि गज नळीतून आरपार ओढायचा. रानात बार काढल्यावर तिथल्या तिथे, बांधावर बसून नळी साफ करता यावी म्हणून ही घडीची सोय. हिंगोलीच्या राखीव पोलीस तळावर हत्यारखान्यात जन्म घालवलेल्या देविदास नावाच्या दोस्तानं निवृत्त होताना तो त्याला दिला होता. देताना देविदास म्हणाला होता, "पुंजाजी, बार काढायच्या आधी तीन डाव अन् बार काढल्यावर तीन डाव. त्याबिगर घोड्याला बोट लावायचं न्हाई."

हे वाक्य पुंजाजीनं गावाला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शिरड शहापूरच्या रस्त्यावरल्या चहाच्या हॉटेलात तो शिरला की पोरं आधीच कोरसमध्ये "तीन डाव, तीन डाव" करायची. पुंजाजीला त्याचं काही वाटत नसे. तो गज काढायचा, झटका द्यायचा, खट् खट् खट् करायचा आणि समोर कुणी नवा माणूस असला तर त्याला नळीचं शास्त्र सांगायला बसायचा. नवा माणूस नसला तर जुन्यांनाच सांगायचा. लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या त्यानं गज काढून वाढप्याला कुठली वांग्याची फोड पाहिजे ते दाखवलं होतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे लोक बंदूक देतात, पावती घेतात आणि घरी येतात. पुंजाजी तिथं हवालदाराला तासभर गज चालवून दाखवायचा. एकदा तर हवालदारानं हात जोडले होते.

मागून मात्र गज कुणाला मिळत नसे. गावात नळ्या काय कमी असतात? कुणाच्या फवारणी पंपाची नळी तुंबायची, कुणाच्या मोरीचा पाइप, बँडवाल्याच्या सनईत एकदा झुरळ शिरलं होतं. सगळे पुंजाजीच्या दारात. सगळ्यांना एकच उत्तर, "हत्यार हाय हे. तुमच्या मोऱ्या काढायला न्हाई." शेजारी रामकिशन, ज्याचं रान पुंजाजीच्या बांधाला बांध लागून होतं, तो तर पंप खांद्याला अडकवून दर हंगामाला न चुकता मागायचा आणि न चुकता रिकाम्या हातानं जायचा. जाताना म्हणायचा, "मरताना सोबत न्या तेवढा. वर बी नळ्या असतील."

आता खरी गोष्ट सांगतो, जी गावाला ठाऊक नव्हती. हा जो तीन डावांचा महिमा पुंजाजी गात फिरायचा, तो गज त्याच्या बंदुकीच्या नळीत कित्येक वर्षांत गेलेला नव्हता. सुरुवातीला एकदा त्यानं बार काढला होता, रानडुकराच्या दिशेनं. डुक्कर राहिलं बाजूला, रामकिशनच्या लिंबाची फांदी खाली आली. मग शास्त्राप्रमाणे तीन डाव गज चालवला, तर पितळेची बोंडी काळी ठिक्कर पडली आणि एका बिजागरीत कचकच शिरली. दोन दिवस राख आणि चिंचेनं घासून त्यानं बोंडी पुन्हा चकचकीत केली आणि मनाशी ठरवलं, की इतकी नाजूक वस्तू असल्या घाणीत घालायची नाही. तेव्हापासून गज तेल पिऊन झळकत होता आणि बंदूक खुंटीला कोरडी पडली होती. दसऱ्याला हत्यारं पुजायची तेव्हा गजाला झेंडूची माळ, बंदुकीला एक फूल, असा थाट.

असा सगळा सुखाचा कारभार चाललेला असताना त्या वर्षी भादव्यात दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली म्हणजे पुंजाजीची एकुलती लेक शिवकन्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला सेनगावकडे दिली होती. आठवा महिना सरत आला होता. दोन वर्षांमागं तिचं एक लेकरू पाचव्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे जनकाबाई तिला जिन्याची पायरी चढू देत नव्हती, आणि घराला जिना नव्हता तरी देत नव्हती. पुंजाजी तोंडानं काही बोलायचा नाही, पण लेक रात्री कुशीवर वळली की यानं बाहेर बाजेवर डोळे उघडलेच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे डुकरं. मका कणसाला आला, सोयाबीन शेंगांनी भरलं आणि ओढ्याच्या अंगानं रानडुकरांचा कळप उतरू लागला. खायची कमी आणि लोळायची जास्त. रामकिशनचा मका एका रात्रीत असा लोळवला की जणू वर बैलगाडी फिरवली होती. डबे वाजवून झाले, फटाके झाले, जुन्या साड्यांचं कुंपण झालं. डुकरांना साड्या आवडल्या असाव्यात, ती त्याच बाजूनं येऊ लागली. शेवटी वनखात्याकडे खेटे घातले आणि परवानगी आली. परवान्याची बंदूक असलेल्या माणसानं डुक्कर मारायला हरकत नव्हती. गावात असा माणूस एकच.

रामकिशन चार माणसं घेऊन अंगणात आला. "पुंजाजी, उद्या दिवस मावळायला निघायचं. आमी हाका देऊन डुकरं उठवतो, तुमी बांधावर बसा. आता दाखवा तुमचे तीन डाव."

पुंजाजीची छाती फुगली. इतक्या वर्षांत गावानं त्याला पहिल्यांदा कशासाठी तरी बोलावलं होतं. "येतो की," तो म्हणाला, "बंदूक तयारच हाय." माणसं गेल्यावर तो मधल्या घरात गेला, खुंटीवरून बंदूक उतरवली, बिजागरीवर मधून दुमडून उघडली आणि नळी डोळ्याला लावून दाराच्या उजेडाकडे धरली.

उजेड दिसेना.

त्यानं दुसरा डोळा लावला. त्यालाही दिसेना. गवाक्षाकडे धरली, चुलीकडे धरली. नळीत अंधार तो अंधारच. मग त्यानं तोंडाकडून पाहिलं तर आत बोटभर अंतरावर मातीचं बूच बसलेलं. गोल, लिंपून गुळगुळीत केलेलं, एखाद्या उतरंडीच्या मडक्याला मारलेल्या मातीसारखं.

"ती कुंभारीण हाय," मागून जनकाबाई म्हणाली. "पंधरा दिवस झाले, चिखल आनून घर बांधून राहिली. मी तुमाला सांगितलं व्हतं."

"कवा सांगितलं?"

"तुमी गज पुसत व्हता तवा."

कुंभारीण म्हणजे ती काळी, बारीक कमरेची माशी, चिखलाच्या गोळ्या तोंडात धरून भिंतीच्या कोपऱ्यात घरटं करणारी. तिनं पुंजाजीच्या बंदुकीत लेकरांसाठी खोल्या काढल्या होत्या. नळीला तेलाचा वास असता तर ती फिरकली नसती, हे पुंजाजीला कळत होतं आणि जनकाबाईलाही कळत होतं. जनकाबाईनं ते बोलूनही दाखवलं.

"बरं बरं," तो म्हणाला आणि कमरेचा गज काढला. झटका. खट् खट् खट्. देविदासनं दिलेली वस्तू अखेर ज्या कामासाठी होती त्या कामावर निघाली होती. अशी बुजलेली नळी झाडली तर नळी फुटून माणसाचं तोंड जातं, हेही त्याला पाठ होतं. एक डाव गज मारला की माती भुगा होऊन खाली येणार होती.

जनकाबाईनं गजाचं टोक धरलं.

"हात लावायचा न्हाई."

"काहून?"

"घरात पोटुशी लेक हाय. कुंभारणीचं घर मोडायचं न्हाई ती मोकळी होईस्तोवर. आमच्या माहेरी कुरुंद्याला कुनी मोडत न्हाई. माझ्या आईनं मोडलं न्हाई, आजीनं मोडलं न्हाई."

"अगं, उद्या गाव येऊन राहिलं दारात! डुकरं हायेत!"

"येऊ द्या. डुकरानं मका खाल्ला तर मका जाईल. उद्या पोरीला काही झालं तर तुमी काय गज दाखवनार हाव का मला?"

तिचा आवाज फुटला. जनकाबाई ही रडणारी बाई नव्हती. नवऱ्याला बोलून बोलून तिनं आपलं सगळं रडणं वेळच्या वेळी निकालात काढलेलं असायचं. पण आता तिनं गजाचं टोक धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती. पुंजाजीनं गज मिटला. हे सगळं खुळचटपणाचं आहे असं तो दिवसभर स्वतःला सांगत राहिला. माशी ती माशी. तिला काय ठाऊक कुणाला कितवा महिना आहे. गोठ्यात बसून त्यानं हे बैलालाही सांगून पाहिलं.

अडचण माशीची नव्हती, गावाची होती. उद्या दारात येणाऱ्या माणसांना सांगायचं काय? वीस-पंचवीस वर्षं हत्याराचं शास्त्र शिकवणारा माणूस, आणि त्याच्या नळीत माशी नांदतेय? त्यातून माशीला हात लावायचा नाही, कारण बायको नको म्हणते? हॉटेलातली पोरं "तीन डाव"च्या जागी काय ओरडतील ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. आणि बंदूक बिघडली म्हणावं तर रामकिशन म्हणणार, दाखवा. दाखवली की माती दिसणार. माती दिसली की तोच म्हणणार, द्या इकडं गज, मीच काढतो. इतक्या वर्षांत न मिळालेला गज त्याला त्या निमित्तानं मिळणार आणि तो तीनच्या जागी तीस डाव मारणार.

म्हणजे गज असेपर्यंत सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजाजी गोठ्यात गेला. गज उघडला. मधल्या बिजागरीवर हात फिरवला, जिथं देविदासच्या बोटांनी लोखंड गुळगुळीत झालं होतं. मग दाव्याच्या खुंट्यावर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि कुऱ्हाड उलटी करून तिचा बोथट तुंबा घातला. पहिल्या घावाला काही झालं नाही. वस्तू चांगली होती. दुसऱ्या घावाला बिजागरी तुटली आणि पितळेची बोंडी कडब्यात उडाली. पुंजाजी तिथंच खाली बसला. बाप गेला तेव्हाही तो इतका वेळ एका जागी बसला नव्हता.

शिवकन्या दारात उभी होती. घाव ऐकून आली असावी.

"बाबा, गज काहून मोडला?"

"जुना झाला व्हता."

"आईनं मला कुंभारणीचं सांगितलंय," ती म्हणाली. "मला ते खरं वाटत न्हाई बरं का. काढून टाका तुमी. डॉक्टरीनबाईनं सगळं बराबर हाय म्हनून सांगितलंय."

"मला बी खरं वाटत न्हाई," पुंजाजी म्हणाला.

"मग?"

"मग काय. खरं वाटत न्हाई, पर भेव वाटतंय न बाई."

शिवकन्या वाकता येईल तितकी वाकली आणि कडब्यात बोंडी शोधू लागली, तर पुंजाजी एकदम ओरडला, "वाकू नको, वाकू नको! राहू दे त्ये पितळ!"

दिवस मावळायला रामकिशन आणि दहा-बारा माणसं काठ्या, डबे, बॅटऱ्या घेऊन अंगणात हजर झाली. पुंजाजीनं दोन हातांत गजाचे दोन तुकडे घेऊन दर्शन दिलं.

"मोडला," तो म्हणाला. "बैलाचा पाय पडला. आता गजाबिगर मी बार काढत नसतो, तुमाला ठाव हाय. आधी तीन डाव."

सगळ्यांना एकदम उपाय सुचले. एकानं वेल्डिंग करून आणतो म्हटलं. दुसऱ्यानं छत्रीची दांडी आणून पुढं केली. रामकिशननं आपल्या फवारणी पंपाची नळी काढून दिली, आणि ती देताना त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो बघवत नव्हता. पुंजाजी सगळ्यांवर गुरगुरला. "छत्रीची दांडी घालू? हत्यार हाय का मोरीचा पाइप हाय? नळीला ओरखडा गेला तर मुडदा पडंल माझा. चला, निघा."

आणि गंमत अशी की सगळ्यांना ते पटलं. हा माणूस इतकी वर्षं गजावरून इतका खेकसत आला होता, की आज त्याच्या खेकसण्यात कुणाला खोट दिसली नाही. पण पटलं म्हणून सोडलं असं नाही. "भेला," कुणीतरी मागून म्हणालं. "बंदूकवाला भेला डुकराला." आणखी एकानं डुकरासारखा आवाज काढला. रामकिशन हसला नाही. तो नुसता म्हणाला, "माझा मका गेला, पुंजाजी," आणि पंपाची नळी खांद्यावर टाकून निघून गेला. ते हसण्यापेक्षा वाईट लागलं.

मका गेलाच. चार-सहा रात्रींत राहिलेलाही गेला. मग कळप बांध ओलांडून पुंजाजीच्या सोयाबीनमध्ये शिरला, आणि खुंटीला बंदूक असलेला माणूस डबा वाजवत रानात नाचू लागला. हॉटेलात जायचं त्यानं सोडलं. कमरेचं रिकामं म्यान त्यानं काढून ठेवलं, तरी हात अधूनमधून तिथं जायचा. कुंभारीण मात्र खुशाल होती. तिनं नळीच्या तोंडाशी आणखी एक खोली काढली.

दसऱ्याला पाच दिवस राहिले असताना शिवकन्या औंढ्याच्या सरकारी दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी झाली. रडणं इतकं दणदणीत, की पुंजाजीनं बाहेरच्या बाकड्यावरून ओळखलं की ही आजीवर गेली आहे. दोघीही सुखरूप होत्या. त्यानं जनकाबाईला म्हटलं, "आता मोडू का घर?" तर ती म्हणाली, "सव्वा महिना थांबा." तो थांबला. आता थांबण्याची त्याला सवय झाली होती.

दसऱ्याच्या दिवशी जनकाबाईनं मधल्या घरात पाट मांडून विळे, कुऱ्हाड, वखराची पास असं सगळं पुजायला ठेवलं. बंदूकही उतरवून ठेवली, हळद-कुंकू लावलं, आणि यंदा दुसरं कुणी मानकरी नसल्यामुळे झेंडूची अख्खी माळ बंदुकीला गेली. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन लोक सोनं द्यायला येऊ लागले. रामकिशनही आला. महिनाभर त्यानं अबोला धरला होता, पण दसऱ्याला दार चुकवायचं नाही एवढं तो पाळायचा. त्यानं सोनं दिलं, हत्यारांच्या पाया पडायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

बंदुकीचं तोंड त्याच्या नाकासमोर होतं.

पुंजाजी माळ सारखी करायच्या निमित्तानं पुढं सरकला. उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट औंढ्याला पोचणार होती.

रामकिशननं करंगळीनं माती हळूच चाचपली. मग आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता. मग पुंजाजीकडे.

"कुंभारीण?"

"व्हय."

"पोरगी आली तवापासून?"

"व्हय."

"म्हनून गज मोडला? तुमीच?"

पुंजाजीनं मान हलवली. त्याला वाटलं, आता हसेल. रामकिशन हसला नाही. तो पाटासमोर मांडी घालून बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"काय माणूस हाव हो तुमी! आमच्या धाकल्या सुनेच्या वक्ताला देव्हाऱ्यात घर केलं व्हतं तिनं. चार महिने देवाला दिवा बाहेर ओट्यावर लावला आमी. या गावात कुनी मोडतं का कुंभारणीचं घर? आधी सांगायचं की. मीच म्हनलो असतो, राहू द्या बंदूक, जाऊ द्या मका."

"तुमी बी मानता?"

"सगळं गाव मानतं! तुमाला काय वाटलं, तुमच्या एकट्याचीच बायको कुरुंद्याची हाय?"

म्हणजे त्या दिवशी अंगणात पुंजाजी नुसतं खरं बोलला असता, तर दहा-बारा माणसं मान हलवून आपापल्या घरी गेली असती. कुणी भेला म्हटलं नसतं. गज आत्ता कमरेला असता. आतून जनकाबाई लेकीच्या लेकीला घेऊन आली आणि तिनं ते गाठोडं रामकिशनच्या मांडीवर दिलं. रामकिशन पोरीच्या मुठीत आपट्याचं पान कोंबू लागला. पुंजाजीला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं.